आधी डोळे, मग काठी, शेवटी हात: सह्याद्रीत जिओकॅशिंग करताना

जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा जीपीएसच्या आकड्यांवरून शोधायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा जसा होता तसाच, जिथे होता तिथेच ठेवून यायचं. ‘कॅश’ म्हटलं की आपल्याकडे रोकडच आठवते, म्हणून इथे सरळ ‘डबा’च म्हणू.

या छंदाला नेमकी जन्मतारीख आहे. अमेरिकी सरकारने नागरी जीपीएसच्या संदेशात मुद्दाम ठेवलेली चूक २ मे २००० पासून काढून टाकली. तोवर शंभर मीटरपर्यंत चुकणारी साधी यंत्रं एकदम दहा-वीस मीटरांत जागा दाखवू लागली. ही अचूकता पारखायला डेव्ह अल्मर यांनी दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, ओरेगॉनमधल्या बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक काळी बादली ठेवली आणि तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. ती बादली अर्धवट जमिनीत पुरलेली होती आणि तिच्यात इतर वस्तूंबरोबर घेवड्याच्या दाण्यांचा एक हवाबंद डबाही होता. आज या दोन्ही गोष्टींना मनाई आहे. खणलं की जमीन उकरली जाते, आणि खाण्याचा वास आला की जनावर डबा फोडतं.

आकडे नीट उतरवून घ्या

नवशिक्यांची अर्धी फसगत घरीच झालेली असते. जिओकॅशिंगच्या संकेतस्थळावर प्रत्येक डब्याचं एक पान असतं, त्यावर आकडे अंश आणि दशांश मिनिटांत असतात, उदाहरणार्थ एन १८° ३१.५००, ई ०७३° ५१.२००. यातला ‘.५००’ म्हणजे सेकंद नव्हेत, अर्धं मिनिट. तो ‘३१ मिनिटं ५० सेकंद’ असा वाचला तर वीस सेकंदांचा फरक पडतो आणि तुम्ही सहाशे मीटरांहून जास्त उत्तरेला जाऊन पोचता. घाटात सहाशे मीटर म्हणजे कदाचित दरीचं पलीकडचं टोक. नकाशाच्या अॅपमध्ये टाकायचे असतील तर मिनिटांना ६० ने भागा: ३१.५०० भागिले ६० म्हणजे ०.५२५, म्हणून १८.५२५०००. दुसरा आकडा त्याच हिशेबाने ७३.८५३३३३. शेवटचा एक अंक चुकला, म्हणजे ०.००१ मिनिटाचा फरक पडला, तर जागा पावणेदोन मीटरांच्या आसपास सरकते. तेवढं खपतं. मधला अंक चुकला तर खपत नाही.

फोन पुरतो. अँड्रॉइडवर सी:जिओ हे मोफत अॅप आहे. जिओकॅशिंगच्या अधिकृत अॅपवर मोफत सदस्याला सगळे डबे दिसत नाहीत. डब्याचं वर्णन, इशारा, आधीच्या लोकांच्या दहा-बारा नोंदी आणि त्या भागाचा नकाशा वायफायवर असतानाच उतरवून ठेवा. किल्ल्याच्या वाटेला नेटवर्क गेलं तरी जीपीएस चालतं, कारण ते उपग्रहाचा संदेश फक्त ऐकतं. रेंज शोधत राहिल्याने बॅटरी मात्र संपते. फोन विमान मोडवर ठेवा, जीपीएस चालू आहे ना बघा आणि दहा हजार एमएएचची पॉवर बँक सोबत असू द्या.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायलाच हवी. उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं, उदाहरणार्थ गार्मिनचं इनरीच, परदेशात ट्रेकर सर्रास वापरतात. भारतात ती परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. परदेशातून सुट्टीवर येणाऱ्या भावंडांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर विमानतळावर अडचण होते.

पानावर दोन आकडे आणखी असतात: शोधायला किती अवघड आणि पोचायला किती अवघड. दोन्ही १ ते ५, अर्ध्या-अर्ध्या पायरीने. वाटेचा आकडा १ असेल तर चाकाच्या खुर्चीवरूनही पोचता येतं, ५ असेल तर दोर किंवा होडीसारखं खास साधन लागतं. हे आकडे डबा ठेवणाऱ्यानेच दिलेले असतात, बहुतेक कोरड्या दिवसात. जानेवारीतली ‘२’ची वाट जुलैत ‘४’ची होते. आकारही आधी बघा. ‘मायक्रो’ म्हणजे १०० मिलीलिटरच्या आतला डबा, ‘स्मॉल’ एक लिटरपर्यंत, ‘रेग्युलर’ वीस लिटरपर्यंत. मायक्रोमध्येच नॅनो नावाची चिमुकली डबी असते, करंगळीच्या पेरापेक्षाही लहान. काय शोधायचंय तेच माहीत नसेल तर तासभर जेवणाच्या डब्याएवढं काहीतरी धुंडाळत बसाल.

शेवटचे वीस मीटर

उघड्या माळावर फोन तीन ते पाच मीटरांत जागा दाखवतो. दाट झाडीखाली किंवा कड्याच्या पायथ्याशी संदेश खडकावर आपटून येतो आणि बाण दहा-पंधरा मीटर इकडेतिकडे नाचतो. त्या बाणामागे धावणं हीच सगळ्यात मोठी चूक. वीस मीटरांवर आलात की थांबा, फोन दोन मिनिटं स्थिर धरा आणि आकडा बसू द्या. मग बाण जिकडे दाखवतो ती दिशा मनात धरा. बाजूला पंधरा-वीस पावलं जाऊन पुन्हा तेच करा. दोन्ही रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे शोधायचं. होकायंत्र वेडंवाकडं दाखवत असेल तर फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा चार-पाच वेळा फिरवा.

आता फोन खिशात टाका. इथून पुढे डोळ्यांचं काम. लपवणाऱ्यानेही इथेच उभं राहून ‘कुठे ठेवू?’ असा विचार केला होता. निसर्गात न बसणाऱ्या गोष्टी बघा: उतरंडीसारखे रचलेले तीन दगड, आडव्या फांदीवर मुद्दाम ठेवल्यासारखी साल, कुंपणाच्या पोकळ खांबाचं टोपण, पुलाच्या कठड्यामागे चिकटलेलं लोहचुंबक. आधीच्या पावलांनी दबलेलं गवतही सांगतं, पण त्यावर फार विसंबू नका. ती वाट गुराखी पोरांचीही असते.

गडावर असाल तर एक लक्ष्मणरेषा. तटबंदीतला, जोत्यातला, पायरीतला एकही दगड हलवायचा नाही. डबा रचलेल्या भिंतीत असेलसं वाटलं तर तो तिथे ठेवणाऱ्याचं चुकलं आहे. तुम्ही त्या चुकीत सामील होऊ नका, तशी नोंद करा आणि परत फिरा. संरक्षित स्मारकाचं नुकसान केल्यास केंद्रीय कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पण मुद्दा दंडाचा नाही. साडेतीनशे वर्षं टिकलेला दगड आपल्या खेळापायी निसटता कामा नये.

प्रत्येक डबा सापडेलच असं समजू नका. पाऊण तास झाला की थांबा. त्यानंतर माणूस कंटाळतो, घाई करतो आणि बघता बघता कुठेही हात घालू लागतो. ‘सापडला नाही’ ही नोंद मात्र जरूर टाका. तिच्यात कमीपणा काही नाही. ओळीने तीन जणांनी तसं लिहिलं तरच मालकाला कळतं की डबा गेला.

हात घालण्याआधी

जिओकॅशिंग साध्या ट्रेकपेक्षा धोकादायक आहे ते एवढ्याच कारणाने. ट्रेकर वाटेवरून चालतो. आपण वाट सोडतो, बसतो, वाकतो आणि जिथे कुणी हात घालत नाही नेमक्या तिथे हात घालतो. दगडाखालची कोरडी, सावलीची, बंदिस्त पोकळी डब्याला जितकी सोयीची तितकीच फुरशासारख्या विषारी सापाला.

फुरसं लहान असतं, जेमतेम फूट-दीड फूट. मातकट अंगावर नागमोडी फिकी रेषा. कोकणात, विशेषतः रत्नागिरी-सिंधुदुर्गात आणि घाटमाथ्यावरच्या मुरमाड माळांवर ते दिवसा दगडाखाली पडून असतं. डिवचलं की अंगाच्या वेटोळ्या एकमेकींवर घासून कानशीने लाकूड घासावं तसा खरखर आवाज करतं. तो आवाज ऐकू आला की जागच्या जागी थिजा, मग हळू मागे व्हा.

म्हणून क्रम कायमचा ठरवून टाका: आधी डोळे, मग काठी, शेवटी हात. सोबत एक छोटी बॅटरी ठेवा आणि पोकळीत उजेड मारून बघा. काठी आत फिरवा, दोनदा टकटक करा, दहा आकडे मोजा. दगड उचलायचाच असेल तर त्याची लांबची कड धरून तो आपल्याकडे कलता करा. तसं केलं की उघडणारं तोंड तुमच्यापासून पलीकडे असतं आणि दगड मध्ये ढालीसारखा उभा राहतो. बहुतेक जण उलट करतात: जवळची कड वर उचलतात आणि आतला प्राणी सरळ पायांकडे सुटतो. हातात चामडी हातमोजे आणि पायात घोट्यापर्यंतचे बूट हवेत. सँडल घालून डबा शोधायला जाऊ नका.

साप चावलाच तर अंगठी, घड्याळ, बांगड्या लगेच काढा, कारण सूज येते. चावलेला हात किंवा पाय फळी अथवा काठी बांधून हलणार नाही असा ठेवा आणि १०८ ला फोन करा. करकचून दोरी बांधायची नाही, चीर द्यायची नाही, चोखायचं नाही, मांत्रिकाकडे जाऊन वेळ घालवायचा नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप मारून सोबत नेण्याची गरज नसते. फुरशाच्या दंशात सुरुवातीला फारसं काही वाटत नाही. पण रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि काही तासांनी हिरड्यांतून रक्त येऊ लागतं. ‘बरं वाटतंय’ म्हणून घरी थांबू नका.

त्याच दगडाखाली कोकणात लाल विंचू असतो. दंशानंतर दरदरून घाम, उलटी आणि हातपाय गार पडणं ही लक्षणं दिसली तर ती हृदयावर ताण आल्याची आहेत, ताबडतोब दवाखाना गाठा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध या दंशावर वापरायला सुरुवात केली आणि त्यामुळे कितीतरी जीव वाचले. आज कोकणातल्या डॉक्टरांना हे उपचार ठाऊक असतात, फक्त तुम्ही वेळेत पोचायला हवं.

वर बघा, खाली बघा

कड्यावर किंवा लेण्याच्या कपाळपट्टीवर आग्या मोहोळ लटकत असेल तर तो डबा त्या दिवशी सोडून द्या. अत्तर, धूर, आरडाओरडा, वरून पडलेला खडा, यातलं काहीही माश्यांना पुरतं. उठल्याच तर हात झटकू नका. तोंड आणि मान कपड्याने झाका आणि गाडीकडे किंवा बंद खोलीकडे पळत सुटा. मात्र कड्याची धार कुठे आहे हे आधीच बघून ठेवलेलं हवं. रुतलेले काटे नखाने पटापट खरवडून काढा. एकाला पन्नासेक डंख झाले असतील, किंवा एका डंखानेही श्वास लागत असेल, तर सरळ रुग्णालय.

पावसाळ्यात ओढ्याच्या पात्रात शोधत असाल तर पाण्याचा रंग बघत राहा. वर डोंगरात पाऊस कोसळला की इथे ऊन असलं तरी पाणी वाढतं. पाणी गढूळ होऊन पालापाचोळा वाहून येऊ लागला की काठावर या, डब्याचा विचारही नको. एप्रिल-मे आणि परतीच्या पावसात दुपारी ढग गडगडले तर माथ्यावरून आणि एकट्या झाडाखालून दूर व्हा. उन्हाळ्यात माणशी तीन लिटर पाणी घ्या, पहाटे चढा आणि अकराच्या आत खाली या.

डिसेंबरनंतर खाजकुइलीच्या शेंगा वाळतात आणि त्यांची कुसं नुसत्या वाऱ्याने उडतात. अंगाला लागली की चोळायचं नाही. चिकटपट्टी लावून उपटा, कपडे वेगळे धुवा. दोडामार्ग-सावंतवाडीच्या पट्ट्यात आणि गोव्यात सत्तरीला उन्हाळ्याच्या सुमारास माकडतापाचा त्रास असतो, तो गोचिडींमुळे पसरतो. तिकडे पूर्ण बाह्यांचा शर्ट, पँटवर ओढलेले मोजे आणि संध्याकाळी अंगाची नीट तपासणी हे नेमाने करा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा.

शेताच्या कडेला अंधारात कधीच शोधू नका. रानडुकरांना अडवायला काही ठिकाणी तारेत वीज सोडलेली असते. कठडा नसलेल्या विहिरी गवतात दिसत नाहीत. आणि जुलैत भाताच्या खाचरातून वाट काढणं म्हणजे कुणाच्या तरी वर्षभराच्या भाकरीवर पाय देणं. बांधावरून चाला, तोही ओला असेल तर वळसा घाला.

अमेरिकेत किंवा युरोपात राहणारी बरीच मराठी कुटुंबं हा खेळ तिथे शिकतात, त्यांच्यासाठी थोडं वेगळं. तिथे गोचिडीमुळे लाइम नावाचा आजार होतो. गोचीड दिसली की बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल लावू नका, जाळू नका. अमेरिकेतल्या रानात तीन-तीन पानांच्या वेलीला हात लावू नका, तिच्या चिकामुळे आठवडाभर फोड येतात. शरद ऋतूत शिकारीचा मोसम असतो, तेव्हा झगझगीत नारिंगी जाकीट घालूनच रानात जा.

डबा सापडल्यावर

आजूबाजूला छंद न जाणणारं कुणी असेल तर ते जाईपर्यंत थांबा. अशा माणसाला या मंडळींत ‘मगल’ म्हणतात. गावकऱ्याने विचारलं तर लपवाछपवी न करता सांगा: ‘काका, हा शोधायचा खेळ आहे, हे बघा, आत वही आहे.’ आपल्या देशात बेवारस डबा म्हटलं की लोकांच्या मनात पहिल्यांदा बॉम्बच येतो, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. संशयास्पद हालचाल करणारा माणूस पोलिसांना बोलावणं देतो. मोकळेपणाने बोलणाऱ्याला बहुतेक वेळा वाटही दाखवली जाते.

वहीत नाव-तारीख लिहा. वहीत सही नाही तर ‘सापडला’ म्हणून ऑनलाइन नोंदही नाही. पेन्सिल स्वतःची न्या, जेल पेनची शाई पहिल्याच पावसात पसरते. आतली वस्तू घेतली तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची ठेवा. खाऊ, काडेपेटी, चाकू, दारू, औषधं यातलं काही ठेवायचं नाही. क्रमांक कोरलेला बिल्ला किंवा नाणं असेल तर ते प्रवासी आहे. पुढच्या डब्यात नेऊन ठेवता येणार असेल तरच उचला. त्याच्या क्रमांकाचा फोटो कुठेही टाकू नका.

झाकण लावणं हे सगळ्यात कमी काळजीने केलं जाणारं काम आहे, आणि डबे खराब होतात ते बहुतेक इथेच. चार बाजूंना कड्या लावून बंद होणाऱ्या डब्यात झाकणाच्या खोबणीत सिलिकॉनची पट्टी असते. तिच्यात वाळूचा एक कण किंवा प्लास्टिकच्या पिशवीचा अर्धा सेंटीमीटर कोपरा अडकला, तर बाहेरून कड्या घट्ट लागलेल्या दिसतात, पण त्या फटीतून पाणी ओढलं जातं. ऑगस्टपर्यंत आत लगदा होतो. म्हणून बोटाने पट्टी चौफेर पुसा, पिशवी आत नीट दुमडा, चारही बाजू ‘टक’ वाजेपर्यंत दाबा. मग डबा त्याच जागी, त्याच तोंडाने ठेवा. तुम्हाला अधिक चांगली जागा सुचली तरी नाही. डबा हरवलेला वाटला म्हणून स्वतःचा नवा टाकून ‘सापडला’ लिहिणंही नाही. पुढच्या माणसाला मग दोन डबे आणि एक गोंधळ मिळतो.

ऑनलाइन नोंदीत जागा उघड करणारा फोटो टाकू नका. ‘छान’ एवढंच लिहून सोडूही नका. वही भिजली आहे, वाटेवर झाड पडलंय, मोहोळ लागलंय, हे लिहा. पुढच्याच्या ते खरोखर उपयोगी पडतं.

स्वतःचा डबा ठेवायचा असेल तर

आधी निदान वीस-पंचवीस डबे शोधा. मग अशी जागा निवडा जिथे तुम्ही दोन-तीन महिन्यांतून एकदा सहज जाऊ शकता. दुसऱ्या डब्यापासून १६१ मीटर अंतर हवं, जमीन खणायची नाही, झाडाला खिळा मारायचा नाही, जागेच्या मालकाची परवानगी हवी. स्थानक, विमानतळ, सरकारी कचेरी, शाळा आणि देवळाचा परिसर टाळा. अभयारण्यात आणि संरक्षित स्मारकावर डबा नको. देवराईत तर नकोच, तिथलं पानही न तोडणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या ती राखत आली आहेत. लोणारसारख्या जागी ‘अर्थकॅश’ हा प्रकार शोभतो. त्यात डबाच नसतो, लोक येऊन खडक बघतात आणि त्याबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं पाठवतात.

आपल्या पावसात जुन्या कॅमेरा रिळाच्या डब्या टिकत नाहीत, झाकणातून गळतात. सिलिकॉन पट्टीचा डबा घ्या. लहान हवा असेल तर पाण्याच्या बाटल्या फुगवण्याआधीच्या जाड प्लास्टिकच्या नळ्या मिळतात, फिरकीच्या बुचाच्या, त्या उत्तम. शक्यतो पारदर्शक डबा घ्या आणि वर ठळक मराठीत लिहा: ‘हा खेळाचा डबा आहे. धोकादायक नाही. कृपया जागीच ठेवा.’ आकडे एकाच भेटीत घेऊ नका. वेगवेगळ्या दिवशी तीनदा घ्या आणि सरासरी काढा. प्रसिद्ध होण्याआधी एक स्वयंसेवक पान तपासतो. त्याला जागेची आणि परवानगीची माहिती सविस्तर द्या.

मे महिन्याच्या शेवटी डबा काढून बघा. प्लास्टिक उन्हाने ठिसूळ झालं असेल, वानरांनी कड्या चावल्या असतील, सिलिकॉनची पट्टी सैल पडली असेल. पट्टी बदला, वही नवी ठेवा, किंवा पावसाळ्यापुरता डबा घरी आणा आणि पानावर ‘तात्पुरता बंद’ अशी खूण करा. दिवाळीनंतर वाट वाळली की पुन्हा ठेवा. आणि गाव सोडून जाणार असाल तर पान कायमचं बंद करण्याआधी स्वतः जाऊन डबा उचलून आणा.